थांबायचं नाव न घेणारी हार्ड डिस्क

रात्री साडेनऊची वेळ. टेबलावर पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप उघडा आहे. कीबोर्डला कुणाचा हात लागलेला नाही, एकही प्रोग्रॅम चालू केलेला नाही. तरीही डावा तळहात टेकतो त्या जागी प्लास्टिकच्या आतून बारीक कुरकुर ऐकू येते. कडेला नळकांड्यासारखं चिन्ह असलेला इवलासा दिवा लुकलुकतो आहे. लुकलुकतो कसला, जवळजवळ अखंड पेटलेलाच आहे. एखाद्या फाइलवर डबल क्लिक केलं, तर गोल वर्तुळ मिनिटभर नुसतं फिरत राहतं. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा टास्क मॅनेजर उघडतो, तर 'डिस्क' या शब्दावर आकडा दिसतो १०० टक्के. दुसऱ्या दिवशी मशीन दुकानात नेलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅटनंतर थोडे दिवस बरं वाटतं, हे खरं. पण महिन्या-दोन महिन्यांत तीच कुरकुर, तोच दिवा आणि तेच १०० टक्के परत येतात. कारण डिस्क कोणासाठी धावत होती, हे कुणी पाहिलेलंच नसतं. ते पाहणं अवघड नाही. त्यासाठी लागणारी साधनं विंडोजमध्येच असतात, फुकट असतात आणि ती वापरायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आधी तो १०० टक्क्यांचा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. डिस्क १०० टक्के म्हणजे डिस्क भरली, असं अनेकांना वाटतं. काहींना वाटतं, तिच्यातून प्रचंड माहितीची ने-आण चालली आहे. दोन्ही समज चुकीचे. डिस्ककडे निदान एक तरी मागणी पडून होती असा वेळ किती, एवढंच तो आकडा सांगतो. काम किती झालं, हे तो सांगत नाही. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर त्याच डिस्कचा वेग पाहिला, तर पुष्कळदा तिथे सेकंदाला एक एमबीसुद्धा नसतो. एका खिडकीत १०० टक्के आणि दुसरीकडे इतका नगण्य वेग, हे एकाच वेळी खरं कसं असू शकतं?

उत्तर डिस्कच्या पोटात आहे. चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून एका हाताच्या टोकाचं वाचनाचं डोकं सरकत असतं. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९० आणि एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते. त्याआधी हाताला योग्य वर्तुळापर्यंत सरकावं लागतं, त्यात आणखी १२ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. बेरीज १७-१८ मिलिसेकंद. म्हणजे माहिती डिस्कवर विखुरलेली असेल तर सेकंदाला पंचावन्न-साठ मागण्याच पुऱ्या होतात. प्रत्येक मागणी चार केबीची धरली तर सगळं मिळून सेकंदाला सव्वादोनशे केबी. हीच डिस्क एक मोठा चित्रपट सलग वाचताना मात्र सेकंदाला शंभर एमबीपर्यंत सहज जाते. डिस्क तीच, तबकडी तीच आणि फरक चारशे पटींचा.

पोस्टमनचं उदाहरण इथे चपखल बसतं. एकाच चाळीतल्या शंभर खोल्यांची शंभर पत्रं तो अर्ध्या तासात वाटून मोकळा होतो. तीच शंभर पत्रं शंभर वाड्यावस्त्यांवरची असली तर तो दिवसभर सायकलवरच असेल. त्याच्या पिशवीचं वजन दोन्ही वेळा सारखंच असतं. टास्क मॅनेजरचा १०० टक्क्यांचा आकडा पिशवीचं वजन सांगत नाही. पोस्टमन किती वेळ सायकलवर होता, ते सांगतो.

डिस्कच्या या हाताची कथा जुनी आहे. १९५६ मध्ये आयबीएमने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे तयार केलेली '३५०' नावाची पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार, आणि साठवण ५० लाख अक्षरांची, म्हणजे आजच्या हिशेबात चार एमबीहूनही कमी. हवं ते अक्षर गाठायला तिला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आज २० टीबीच्या डिस्क मिळतात. साठवण पन्नास लाख पटींहून अधिक वाढली. हात मात्र तेवढ्या काळात चाळीस-पन्नास पटींनीच चपळ झाला. गोदाम गावाएवढं मोठं झालं, पण आत धावणारा माणूस एकच राहिला. डिस्क कायम व्यस्त दिसण्यामागचं हे मूळ कारण आहे. बाकीची कारणं त्याच्या पुढची.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. 'डिस्क' या स्तंभावर एकदा क्लिक केलं की सर्वांत जास्त ने-आण करणारा प्रोग्रॅम वर येतो. पण इथे थांबू नये. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडावा आणि त्यातलं 'डिस्क' हे पान पाहावं. इथे नुसत्या प्रोग्रॅमचं नाव नसतं. तो या क्षणी कोणती फाइल वाचतो आहे, कोणती लिहितो आहे, हे फाइलच्या पूर्ण पत्त्यासकट दिसतं. शेजारी 'रिस्पॉन्स टाइम', म्हणजे मागणी केल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत दिलेला असतो. दहा-वीसचा आकडा फिरत्या डिस्कसाठी ठीक. तो पाचशे-हजारवर गेला असेल तर डिस्कच्या दाराशी मागण्यांची रांग लागली आहे, किंवा डिस्कलाच काहीतरी झालं आहे.

बहुतेक वेळा वर दिसणारी नावं विंडोजच्या स्वतःच्या घरकामाची असतात. अपडेट उतरवून बसवणं, डिफेंडरची व्हायरस तपासणी, 'सर्च'साठी फाइलींची सूची बनवणं, आणि 'सिसमेन'. हे शेवटचं नाव पूर्वी 'सुपरफेच' होतं. विंडोज व्हिस्टाबरोबर ते आलं. माणूस रोज कोणते प्रोग्रॅम उघडतो याची नोंद ठेवून ते आधीच रॅममध्ये आणून ठेवणं, हे त्याचं काम. हेतू चांगला आहे; पण हळू डिस्क आणि अपुरी रॅम असेल तर या तयारीचाच भार होतो. अशा मशीनवर ही सेवा बंद करून पाहायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ही घरकामं रात्री दोनच्या सुमारास किंवा मशीन रिकामं असताना करावीत, अशी विंडोजची मूळ रचना आहे. पण आपल्याकडे लॅपटॉप रात्री बंद करूनच ठेवतात, आणि ते योग्यच आहे. मग जे मशीन आठवड्यातून एकदा, वीज बिल भरायला किंवा निकाल पाहायला अर्ध्या तासासाठी उघडतं, त्याची आठवडाभराची सगळी कामं त्याच अर्ध्या तासात अंगावर येतात. शाळेच्या संगणक कक्षात दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी सगळी मशीन एकदम कण्हू लागतात, ती याचमुळे. अशा मशीनवर पहिला उपाय साधा आहे. चार्जर लावून, नेट चालू ठेवून, झोपेत जाण्याची सोय बंद करून ते दोन-तीन तास नुसतं चालू ठेवायचं. कामं संपली की दिवा आपोआप शांत होतो. संपली नाहीत, तर शोध पुढे न्यायचा.

पुढचा आणि आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारा गुन्हेगार म्हणजे रॅमची टंचाई. रिसोर्स मॉनिटरमध्ये 'सिस्टिम' या नावापुढे 'पेजफाइल.सिस' ही फाइल सारखी दिसत असेल, तर प्रश्न डिस्कचा नाहीच. रॅममध्ये जागा नाही म्हणून विंडोज तिथला मजकूर उचलून डिस्कवरच्या या फाइलीत ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. चार जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर विंडोज १०, एक अँटिव्हायरस आणि ब्राउझरच्या दहा-बारा टॅब एवढं झालं की जागा संपते. त्यानंतर एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर जाणं म्हणजे डिस्कच्या हाताची नवी धावपळ.

रॅमची उणीव डिस्कने भरून काढण्याची ही युक्ती वाईट नाही. मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस या संगणकावर १९६२ मध्ये ती प्रत्यक्षात आली. महागडी स्मृती थोडी आणि चुंबकीय ड्रम मोठा, तेव्हा दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती असल्याचं प्रोग्रॅमला भासवायचं, ही कल्पना फार सुंदर होती. पण तिची एक मर्यादा लवकरच दिसली. प्रोग्रॅमांना एका वेळी लागणारा मजकूर स्मृतीत मावेनासा झाला की एक पान, म्हणजे मजकुराचा एक तुकडा, आणायला दुसरं बाहेर टाकावं लागतं, आणि लगेच तेच दुसरं हवं असतं. यंत्र दिवसभर पानंच हलवत राहतं, खरं काम ठप्प. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेची कारणं मांडली. 'थ्रॅशिंग' या नावाने ती आजही ओळखली जाते. छोट्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोनच भांडी मावत असताना तीन पदार्थ एकदम करायला घेतले, तर गृहिणीचा सगळा वेळ भांडी उचलण्या-ठेवण्यातच जाईल, तसं हे.

रॅम आणि फिरती डिस्क यांच्या वेगातलं अंतर डोळ्यांपुढे आणलं की हे किती महाग पडतं ते कळतं. रॅममधून माहिती मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, डिस्कवरून दहा मिलिसेकंदांहून जास्त. म्हणजे लाखपट. रॅमला एक मिनिट लागतं असं धरलं, तर डिस्कला ६९ दिवस लागतील. आपल्या टंचाईचं प्रमाण पाहायचं तर रिसोर्स मॉनिटरच्या 'मेमरी' पानावर 'हार्ड फॉल्ट्स' नावाचा स्तंभ असतो. नावात 'फॉल्ट' असलं तरी तो यंत्राचा दोष नव्हे; हवं ते पान रॅममध्ये न सापडल्याने डिस्कवरून आणावं लागलं, एवढाच त्याचा अर्थ. हा आकडा सतत शेकड्यांत राहत असेल तर फॉरमॅटचा काहीही उपयोग नाही. चार जीबीची आणखी एक पट्टी बसवणं, हाच त्यावरचा खरा इलाज.

कधी कधी मात्र एखादा प्रोग्रॅमच खरोखर चुकलेला असतो. याचं गाजलेलं उदाहरण २०१६ चं. स्पॉटिफाय या गाण्यांच्या प्रोग्रॅमची संगणकावरची आवृत्ती, गाणं वाजत नसतानाही, तासाभराच्या आत पाच ते दहा जीबी माहिती डिस्कवर लिहीत होती. दिवसाहून जास्त वेळ चालू ठेवल्यावर काहींच्या मशीनवर हा आकडा ७०० जीबीपर्यंत गेला. वापरणारे महिनोन्‌महिने तक्रार करत होते. आतली गोष्ट अशी होती की 'मर्क्युरी.डीबी' नावाची एक छोटी नोंदवही हा प्रोग्रॅम सतत नव्याने आवरून घेत होता. अशा नोंदवहीत पुसलेल्या नोंदींच्या रिकाम्या जागा राहतात. त्या काढायच्या तर संपूर्ण वही पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागते. वर्षातून एकदा घर रिकामं करून दिवाळीची साफसफाई करणं चांगलंच. पण घरातलं सगळं सामान दर काही मिनिटांनी अंगणात काढून पुन्हा आत लावलं तर? नंतरच्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. पण ती उघडकीला आली ती लोकांनी डिस्कवरच्या लिखाणाचा आकडा स्वतः पाहिला म्हणून.

त्याच वर्षी फायरफॉक्सबद्दलही असंच निरीक्षण पुढे आलं. मशीन अचानक बंद पडलं तर उघड्या टॅब परत मिळाव्यात म्हणून हा ब्राउझर दर १५ सेकंदांनी त्यांची नोंद डिस्कवर करत असे. टॅब पुष्कळ असल्या की दिवसाला ३२ जीबीपर्यंत लिखाण होताना आढळलं. सोय आणि तिची किंमत, दोन्ही खऱ्या. सेटिंगमध्ये तो काळ वाढवता येतो.

लिनक्सच्या जगातला एक नमुना तर याहून विलक्षण. तिथे कोणतीही फाइल नुसती वाचली तरी 'ही शेवटची कधी वाचली' याची नोंद होई, म्हणजे प्रत्येक वाचनापोटी एक लिखाण. ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. अखेर २००९ मध्ये आलेल्या २.६.३० या आवृत्तीपासून, गरज असेल तेव्हाच ही नोंद करण्याची पद्धत नेहमीची झाली. ज्यांना लिनक्सवर शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी 'आयओटॉप' आहे. मॅकवर 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर'चं डिस्कचं पान तेच काम करतं.

विंडोजवर रिसोर्स मॉनिटरनेही उलगडा झाला नाही तर 'प्रोसेस मॉनिटर' घ्यावा. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सच्या साधनांपैकी हे एक. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली आणि ही साधनं आता मायक्रोसॉफ्टकडूनच मोफत मिळतात. प्रत्येक प्रोग्रॅमने प्रत्येक फाइलला केलेला प्रत्येक स्पर्श यात ओळीने नोंदला जातो. दोन मिनिटांत लाखो ओळी जमतात. घाबरायचं नाही. नोंद थांबवून 'टूल्स'मधला 'फाइल समरी' उघडला की कोणत्या फाइलला सर्वांत जास्त वेळा हात लागला ते वर येतं. बहुतेकदा वरच्या चार-पाच ओळींतच उत्तर असतं. दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर असले तर तेही इथे स्पष्ट दिसतं. प्रत्येक फाइल उघडताना दोन पहारेकरी दोनदा झडती घेत असतात. त्यातला एक काढून टाकावा. आणि अनोळखी नावाचा प्रोग्रॅम एकामागून एक तुमचे फोटो आणि कागदपत्रं नव्याने लिहीत सुटला असेल, फाइलींची नावं बदलत असतील, तर वेळ न घालवता आधी नेट तोडावं. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर प्रोग्रॅम नेमकं हेच करतात.

आता उरली ती सर्वांत गंभीर शक्यता. डिस्क १०० टक्के, वेग जवळजवळ शून्य आणि कोणताही प्रोग्रॅम काही मागत नाही. विंडोज १० च्या काळात काही मशीनमध्ये डिस्कशी बोलणाऱ्या नियंत्रकाच्या फर्मवेअरमधल्या दोषामुळे असं होई. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपायही प्रसिद्ध केला होता. पण जुन्या डिस्कमध्ये याचा अर्थ बहुधा वेगळा असतो. तबकडीचा एखादा भाग वाचता येत नाही, डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, एकेका मागणीवर कित्येक सेकंद अडून बसते. सोबत 'टक्, टक्' असा ठरावीक आवाज येऊ लागला तर फार थोडा वेळ हातात आहे, असं समजावं. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारखं साधन डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद दाखवतं. त्यात बदललेल्या आणि वाचनासाठी अडलेल्या सेक्टरांचे आकडे पाहावेत. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासात असंही दिसलं की बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी या प्रमुख आकड्यांतून काहीच इशारा दिला नव्हता. म्हणून आकडे वाईट असतील तर घाबरावं, आणि चांगले असले तरी बॅकअप घ्यावा. आकडे वाईट असताना डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग मांडण्याचं काम, किंवा लांबलचक तपासणी चालू करणं ही घोडचूक ठरते. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढायची, बाकी सगळं नंतर.

दिवा विझलेला असतानाही कुरकुर चालूच असेल तर? यामागे कौलांचं गणित असू शकतं. कमी जागेत जास्त माहिती मावावी म्हणून अलीकडच्या अनेक डिस्कमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. इंग्रजीतलं त्याचं नावही कौलांवरूनच आलं आहे. कौलारू घर पाहिलेल्या कुणालाही यातली अडचण लगेच कळेल. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात. या डिस्कलाही एक पट्टा बदलताना पुढचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. म्हणून ती आलेली माहिती आधी एका बाजूला घेते आणि मशीन निवांत असताना आत मांडत बसते. विंडोजला याची खबरही नसते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचं मान्य केलं तेव्हा ग्राहक चिडले, कारण खरेदीच्या वेळी त्यांना ते सांगितलेलं नव्हतं. शेकडो जीबी एकदम कॉपी केल्यावर अशी डिस्क बराच वेळ कुरकुरली तर तो बिघाड नाही. तिला तेवढा वेळ द्यावा.

डिस्कच्या हाताचं नाजूकपण किती, याचा एक पुरावा २००८ च्या शेवटी साऱ्या जगाने पाहिला. सन मायक्रोसिस्टिम्समधले इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या मांडणीसमोर उभे राहून जोरात ओरडले. त्याच क्षणी पडद्यावरच्या आलेखात डिस्कच्या उत्तराचा वेळ उसळी मारून वर गेला. आवाजाच्या कंपनाने डोकं आपल्या जागेवरून हलत होतं. लॅपटॉप पंख्याने थरथरणाऱ्या टेबलावर ठेवू नये, हे वडीलधारे सांगतात त्यात तथ्य आहे.

फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की हा सगळा आवाज संपतो. तिच्यात हातच नाही, त्यामुळे विखुरलेल्या मागण्याही ती सेकंदाला हजारोंनी पुऱ्या करते. जुन्या लॅपटॉपला नवसंजीवनी देणारा याहून परिणामकारक खर्च नाही. पण कुरकुर थांबली म्हणजे लिखाण थांबलं असं नव्हे, आणि नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा तो छोटा दिवाही नसतो. एसएसडीच्या पेशी ठरावीक वेळाच लिहिता येतात. अडीचशे जीबीच्या एखाद्या एसएसडीची हमी १५० टीबी लिखाणापुरती असेल, तर दिवसाला ३२ जीबीच्या हिशेबाने ती बारा वर्षांहून जास्त टिकावी, ७०० जीबीच्या हिशेबाने मात्र सात-सव्वासात महिने. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या वरच्या कोपऱ्यात 'टोटल होस्ट राइट्स' असा एक आकडा असतो. आज रात्री तो कागदावर लिहून ठेवायचा, उद्या त्याच वेळी पुन्हा पाहायचा आणि वजाबाकी करायची. फरक दहा-वीस जीबीचा निघाला तर लॅपटॉप मिटून झोपायला हरकत नाही. शंभरच्या पुढे गेला, तर रिसोर्स मॉनिटर उघडून सर्वांत वरची ओळ वाचायची.